आधी पाणी मोजा, मग जाळी बांधा

शेतकरी बांधवांनो, काकडीला आपल्याकडे कुणी पीक म्हणत नाही. कपाशीच्या नाही तर बाजरीच्या कडेला चार वेल सोडायचे, लेकरांनी रानात बसून खायचे, उरले तर पाटीत घालून बाजारला न्यायचे, एवढाच तिचा मान. खिरा काय आणि वाळूक काय, आपल्या माळव्यातली ही गरीब मंडळी. आज तिच्यावर लिहिण्याचे कारण असे की, हीच काकडी आता शेडनेटमध्ये आणि पॉलिहाऊसमध्ये जाऊन बसली आहे. तिच्या भरवशावर आपल्या जिल्ह्यातही काही जणांनी कर्ज काढून लोखंडी सांगाडे उभे केले. कुणाला चार पैसे झाले. कुणाच्या रानात मात्र दोन-तीन वर्षांत नुसते पाईप उभे राहिले, जाळीच्या चिंध्या वाऱ्यावर फडफडू लागल्या आणि खाली गाजरगवत माजले. बँकेचा हप्ता तेवढा चालू राहिला.

असे का होते? काकडी वाईट नाही, जाळीही वाईट नाही. चूक आहे ती आरंभाच्या मापात. दहा-वीस गुंठ्यांवर एकदम उडी घेण्याऐवजी घराजवळ एका गुंठ्यापासून सुरुवात करावी, आणि जाळीचा भाव विचारण्याआधी आपल्याकडे पाणी किती आहे ते मोजावे, असे आमचे म्हणणे आहे. हे म्हणणे हिशेबाने पटते की नाही, ते तुम्हीच पाहा.

पहिल्यांदा पाण्याचे बघू. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. सरासरी हा शब्दही फसवा. २०१२ आणि २०१५ या सालांनी आपल्याला काय दाखवले ते विसरण्यासारखे नाही. माजलगावचे धरण आणि धनेगावचे मांजरा धरण तळाला गेले, जनावरे छावणीत गेली, माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली. अशा जिल्ह्यात कोणतेही नवे पीक घेताना पहिला प्रश्न भावाचा नसतो, हंड्याचा असतो.

एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे तीस फूट बाय छत्तीस फूट जागा. तेवढ्यात काकडीची अडीचशे झाडे बसतात. ठिबकवर झाडाला लहानपणी अर्धा लिटर, फळे लागल्यावर एक ते दीड लिटर पाणी दिवसाला पुरते. सरासरी एक लिटर धरा. अडीचशे झाडे, शंभर दिवस, म्हणजे पंचवीस हजार लिटर. बेड भिजवायला वरचे पाच हजार धरा. एक पीक तीस हजार लिटरमध्ये निघते. आता उसाकडे बघा. पाटपाण्यावरच्या उसाला एका गुंठ्यामागे वर्षाला दोन लाख लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते. म्हणजे उसाच्या एका गुंठ्याच्या पाण्यात काकडीची सहा पिके निघतात.

हे तीस हजार लिटर आणायचे कुठून? पाचशे चौरस फुटांच्या पत्र्याच्या नाही तर स्लॅबच्या घरावर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी बावीस हजार लिटर पाणी पन्हाळीतून खाली येते. ते सगळे साठवणे प्रत्येकाला परवडणार नाही. पण अंगणात कागद अंथरलेला एखादा खड्डा केला तर निम्मे तरी हाती राहते, आणि उरलेले बोअरच्या बुडाशी मुरवता येते. ज्याच्याकडे शेततळे आहे त्याला तर प्रश्नच नाही. दुष्काळाच्या वर्षी हेच पाणी अर्धे होईल. तेव्हा अर्धाच गुंठा लावा, नाही तर एक हंगाम सोडा. गुंठाभर जाळीवाल्याला हे करता येते. आठ-दहा लाखांचे कर्ज डोक्यावर असलेल्याला हंगाम सोडता येत नाही, मग तो रात्री-अपरात्री नवा बोअर पाडायला निघतो. एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. टँकरचे पाणी पिण्यासाठी असते, त्याच्यावर काकडी पिकवायची नाही.

आष्टीच्या पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. त्या गावाने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत घातली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि पाऊस किती पडला ते बघून मगच कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. गावाला जे जमले ते एका घराला का जमू नये? वहीच्या एका पानावर हा हिशेब मावतो.

दूरचे उदाहरण हवे असेल तर स्पेन देशात अल्मेरिया नावाचा प्रांत आहे. पाऊस आपल्या एक तृतीयांशही नाही, वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास. एके काळी अत्यंत गरीब मुलूख. १९६० नंतरच्या काळात तिथल्या छोट्या शेतकरी कुटुंबांनी प्लॅस्टिकची घरे उभारली, त्यांत काकडी, ढोबळी मिरची, टोमॅटो लावले, आणि आज तिथे सुमारे तीस हजार हेक्टर जमीन प्लॅस्टिकखाली आहे. पैसा आला, हे खरे. पण जमिनीतले पाणी उपसून उपसून खाली गेले आणि काही भागांत खारे झाले, हेही तितकेच खरे. जाळी पाणी वाचवते. पाणी तयार करत नाही. वाचलेल्या पाण्यावर दुप्पट जाळी बांधली तर विहीर पुन्हा कोरडीच.

आता बियाण्याची गोष्ट. नवखा माणूस सर्वात जास्त फसतो तो इथेच. घरातले गावरान बी, नाही तर पुना खिरा किंवा राहुरीच्या विद्यापीठाची हिमांगी, या जाती उघड्या रानात उत्तम. त्यांच्या वेलाला नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी येतात, आणि मधमाशी या फुलावरून त्या फुलावर गेली तरच फळ धरते. जाळी बारीक असली आणि चारही बाजूंनी बंद असली की मधमाशी आत येत नाही. वेल मांडवापर्यंत जातो, पिवळ्याधमक फुलांनी भरतो, आणि इवल्या इवल्या काकड्या पिवळ्या पडून गळून जातात. शेतकरी औषधावर औषध मारतो. दुकानदार टॉनिक देतो. रोग नसतोच, मग औषधाने गुण कसा यावा?

बंद जाळीत लावायची काकडी वेगळी असते. तिला बहुतेक सगळी मादी फुलेच येतात आणि परागीकरण न होताच फळ धरते, म्हणून त्या काकडीत बी जवळजवळ नसतेच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा पार्थेनोकार्पिक काकडी-६’ ही अशी जात काढली आहे, आणि खासगी कंपन्यांचे संकरित बियाणेही मिळते. हे बी किलोवर नाही, नगावर विकतात आणि महाग असते. म्हणून दुकानात ‘शेडनेटची काकडी द्या’ एवढेच म्हणू नका. बिनपरागीकरणाची जात आहे का, हे विचारा, पाकिटावर वाचा, लॉट नंबरासह पक्की पावती घ्या. उलटही लक्षात ठेवा. ही जात उघड्यावर लावली आणि मधमाशा आल्या तर फळात बी भरते आणि काकडी बेढब होते. तिला बंद जाळीच हवी.

मधमाशी आत येत नाही, याचाच उपयोग आपल्या शेजाऱ्यांनी करून घेतला आहे. जालना आणि देऊळगाव राजा या पट्ट्यात अनेक शेतकरी शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बियाणे तयार करतात. परके पराग आत येऊ नयेत म्हणूनच तिथे जाळी असते, आणि फुलांचे परागीकरण माणसे हाताने करतात. कुणाला शिकायचे असेल तर एक दिवस काढून तिकडचे काम बघून यावे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला आणि गेवराई तालुक्यात खामगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीचे विद्यापीठही लांब नाही. विचारायला पैसे पडत नाहीत.

हंगामाबद्दल. काकडीला दिवसा पंचवीस ते तीस अंशांचे ऊन मानवते. पारा अडतीसच्या वर गेला की वाढ खुंटते, फुले गळतात, फळ कडू होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साध्या जाळीत काकडीचा हट्ट धरू नये. सप्टेंबरात एक लावण आणि जानेवारीच्या मध्यात दुसरी, अशी दोन पिके पुरेत. पहिलीचे तोडे ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होतात. दुसरीचे मार्च-एप्रिलात येतात, तेव्हा ऊन लागलेले असते आणि गिऱ्हाईक स्वतःहून काकडी मागते. मे महिन्यात जाळी उतरवून ठेवा. वळवाच्या वाऱ्यात जाळ्या फाटतात त्या याच दिवसांत. म्हणून जाळी अशी बांधा की दोन माणसांना तासाभरात सोडता येईल. पश्चिमेच्या बाजूला शेवरीची दाट ओळ लावली तर वारा अडतो आणि शेळ्यांना पालाही होतो.

मोकळ्या मे महिन्याचा आणखी एक उपयोग आहे. जाळीत काकडीवर काकडी घेत गेले की तिसऱ्या-चौथ्या पिकाला मुळांवर गाठी येतात. ती सूत्रकृमी. बरीच शेडनेट याच किडीने बसवली. बेड चांगले भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरा, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवा. बीडचे ऊन फुकटचे आहे, ते सूत्रकृमी आणि तणाचे बी दोन्ही भाजून काढते. शिवाय वर्षाआड एक पीक काकडीऐवजी मेथी-कोथिंबिरीचे घ्या.

बाकीचे थोडक्यात. काळ्या भारी जमिनीत पाणी साचते, म्हणून लाल माती आणि कुजलेले शेणखत मिसळून तीन फूट रुंद, फूटभर उंच बेड करा. माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या, खारे पाणी काकडीला सोसत नाही. वेल सुतळीने वर तारेला चढवा. गुडघाभर उंचीपर्यंतची फुले आणि बगलफुटी काढून टाका, म्हणजे वेल आधी अंग धरतो. दाराला दोन पडदे ठेवा. पिवळे आणि निळे चिकट सापळे टांगा, म्हणजे पांढरी माशी आणि फुलकिडे कधी आले ते कळते. वीज नाही म्हणून अडायचे कारण नाही. हजार लिटरची टाकी पाच-सहा फुटांच्या ओट्यावर ठेवली की गुंठ्याचे ठिबक उताराने चालते. रात्री दोनला मोटर चालू करायला उठणे नको.

फवारणीबद्दल एक शब्द, आणि तो जपून वाचा. काकडी कच्चीच खातात, बहुतेकदा सालीसकट. भुरी, केवडा आणि लाल कोळी हे जाळीतही येतात, तेव्हा फवारणी कधी तरी लागणारच. पण काकडीचा तोडा दिवसाआड असतो. आज औषध मारायचे आणि उद्या तोडून बाजारला पाठवायचे, हे पाप आहे. डब्यावर लिहिलेले थांबण्याचे दिवस पाळता येत नसतील तर ते औषध तोड्याच्या काळात वापरू नका. निंबोळी अर्क, सापळे आणि रोगट पाने वेळेवर काढणे यावर भर द्या. गुंठाभर जागेत पान न् पान डोळ्याखालून जाते. वीस गुंठ्यांत ते होत नाही. आणि ही काकडी पहिल्यांदा आपल्याच घरची लेकरे खाणार आहेत.

आता पैशाचे बोलू. एका झाडाला तीन किलो माल धरा, जास्त धरू नका. अडीचशे झाडांचे साडेसातशे किलो. साठ दिवसांच्या तोड्यात दिवसाआड पंचवीस किलो, म्हणजे एक कॅरेट आणि वर थोडे. हा माल आपल्या गावात, शेजारच्या गावात आणि आठवडी बाजारात हातावर विकला जातो. दहा गुंठेवाल्याचे दिवसाआड अडीचशे किलो निघतात. त्याला टेम्पो लागतो, बीडचा नाही तर छत्रपती संभाजीनगरचा मोंढा गाठावा लागतो, आणि लिलावात जो भाव निघेल तो घ्यावा लागतो. एकच काकडी, पण एकाला किरकोळीचा दर मिळतो आणि दुसऱ्याला ठोकीचा. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. या मोकळिकीचा खरा फायदा थोडा माल रोज विकणाऱ्याला आहे.

दर किलोला दहा रुपये पडला तर एका पिकाचे साडेसात हजार. बी, खत, औषध, सुतळी यांचे साडेतीन हजार वजा करा. चार हजार उरले, दोन पिकांचे आठ हजार. वीस रुपये पडला तर वर्षाला तेवीस हजार. जाळी आणि सांगाडा यांचा खर्च यातूनच फेडायचा आहे. म्हणजे दर पडला तर दोन-तीन वर्षे नुसती फेड, दर बरा राहिला तर वर्षाभरात मोकळे. जो तुम्हाला यापेक्षा गोड हिशेब सांगेल त्याच्या हातात जाळीचे कोटेशन आहे का, ते आधी बघा.

एवढ्यासाठी खटपट कशाला, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर या जिल्ह्यालाच माहीत आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, आणि मार्च-एप्रिलात परततात. जाळीतल्या काकडीचे दोन्ही हंगाम नेमके याच महिन्यांत आहेत. गुंठाभर काकडीने कोयता सुटेल असे आम्ही म्हणणार नाही. लाखाच्या उचलीपुढे तेवीस हजार काय पुरणार? पण ज्या घरात लेकरांच्या शाळेसाठी बाईने मागे राहायचे ठरवले आहे, जिथे सासू-सासरे घर सांभाळून आहेत, तिथे रोज सकाळच्या दीड-दोन तासांच्या कामावर महिन्याचे मीठ-मिरची, वह्या-पुस्तके आणि दवाखाना निघाला तर ते थोडे नाही. आणि पुढच्या वर्षीची उचल पाच-दहा हजारांनी कमी घ्यावी लागली तर तेही थोडे नाही. ‘उमेद’च्या बचत गटांतील बायांनी परसबागा लावून दाखवल्याच आहेत. त्याच्या पुढची ही पायरी आहे.

इथे गावातल्या अधिकाऱ्यांना दोन शब्द. केंद्राच्या फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत लोखंडी शेडनेटबरोबर लाकडी आणि बांबूच्या सांगाड्यालाही स्थान होते. बांबूसाठी खर्चाचे माप चौरस मीटरला ३६० रुपये, निम्मे अनुदान, आणि एक घटक २०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे दोन गुंठ्यांपेक्षा, मोठा नसावा अशी अट. त्या मापाने एक गुंठा छत्तीस हजारांत बसत होता आणि घरातून अठरा हजार लागत होते. म्हणजे लहान माणसाचा विचार कागदावर झाला होता. गावात आले ते मात्र ठेकेदाराचे मोठे लोखंडी सांगाडेच, कारण मोठ्या कामात सगळ्यांचीच सोय असते.

म्हणून सहायक कृषी अधिकारी, ज्यांना गाव अजून कृषी सहायक म्हणते, त्यांनी आजच्या नियमांत छोट्या घटकाला काय मिळते ते ग्रामसभेत फळ्यावर लिहून सांगावे. महाडीबीटीवर अर्ज भरताना ज्याला मोबाईल चालवता येत नाही त्याला ग्रामपंचायतीत बसवून अर्ज भरून द्यावा. अनुदान देताना मोका तपासणी एकदाच होते, ती दोन वर्षांनी पुन्हा व्हावी. जाळी जागेवर आहे का, आत पीक आहे का, नसेल तर का नाही, हे लिहून ठेवले तर पुढच्या दहा जणांचे पैसे वाचतील. आणि सरपंचांनी शाळेच्या आणि पंचायतीच्या छतावरचे पाणी तरी या पावसाळ्यात वाया जाऊ देऊ नये.

जाता जाता एक जुनी गोष्ट. काकडी मूळची आपलीच, हिमालयाच्या पायथ्याची. ती फिरत फिरत रोमला गेली. तिथला बादशहा तिबेरियस याला ती रोज ताटात लागायची, म्हणून त्याचे माळी चाकांच्या गाड्यावर माती भरून त्यात काकडी लावत, दिवसा गाडा उन्हात ढकलत आणि थंडीत त्यावर पारदर्शक दगडाचे झाकण घालत. प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. हरितगृहाचा हा फार जुना दाखला, आणि तो एवढासा होता, की माणसांना हाताने ढकलता यावा.

तेव्हा बांधवांनो, घाई नको. या आठवड्यात फक्त तीन कामे करा. घराच्या छताचे माप घ्या. विहिरीत नाही तर बोअरला मार्च महिन्यात किती वेळ पाणी चालते, ते आठवून लिहा. आणि आपल्या बाजारात काकडी कोणत्या महिन्यात किती रुपयांनी विकते, ते चार माळवेवाल्यांना विचारा. हे तीन आकडे एका कागदावर आले, आणि त्यात गुंठा बसतो असे दिसले, तर खुशाल जाळी बांधा. बसत नसेल तर जाळीवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. कर्ज काढायला उभे वर्ष पडले आहे.